विषय: टॅबवर एकांकिका दिसत नाही (तातडीचे)

माई:
नमस्कार मंडळी. शनिवारी नाना येणार आणि त्यांना 2007 ची एकांकिका दाखवायची, हे ठरलेले आहेच. आज सहज टॅबवर आपल्या वेबसाइटवरचे 'जुने कार्यक्रम' उघडले तर नुसता राखाडी चौकोन, मधोमध कोड्याच्या तुकड्याचे चित्र आणि खाली प्लगइनबद्दल काहीतरी. टॅब नवा कोरा आहे. प्लगइन कुठून टाकायचे ते कुणीतरी नीट सांगा. लॅपटॉप नको, नानांच्या मानेचे तुम्हाला माहीत आहे.

बापू:
सोपे आहे. ब्राउझरमध्ये वरच्या तीन टिंबांवर बोट ठेवा, 'डेस्कटॉप साइट'वर टिक करा. माझ्याकडे चालते. नाहीच चालले तर फ्लॅशची, म्हणजे व्हिडिओ दाखवणाऱ्या त्या प्लगइनची, एपीके (अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल) नेटवर मिळते, ती टाकायची. माझ्या जुन्या टॅबवर होती.

छोटू:
माई, थांबा. एपीके टाकू नका!
फ्लॅश आता नाही. अडोबीने 31 डिसेंबर 2020 ला ते बंद केले आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअर स्वतःच चालायला नकार देतो. टॅबवर तर ते त्याच्याही आधी संपले. मोबाइलसाठीचे काम अडोबीने नोव्हेंबर 2011 मध्येच थांबवले आणि ऑगस्ट 2012 मध्ये गूगलच्या दुकानातून ते काढून टाकले. आयपॅडवर तर कधी आलेच नाही. एपीके बसली तरी उपयोग नाही, कारण आजचा कुठलाही ब्राउझर तिला हाक मारत नाही.
आणि 'डेस्कटॉप साइट'ने एवढेच होते की ब्राउझर वेबसाइटला सांगतो, मी मोठा संगणक आहे. टॅब टॅबच राहतो.

बापू:
माझ्या टॅबवर 2012 मध्ये चालत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

छोटू:
2012 मध्ये चालत असणारच, बापू.

वहिनी:
एपीकेवरून आठवले. आमच्याकडे ह्यांना एकदा 'तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला, इथे दाबा' अशी खिडकी आली. ह्यांनी दाबले. त्यानंतर ब्राउझर उघडला की भलतेच पान यायचे, शोधायला गेले एक की निघायचे दुसरे. दोन दिवस मुलगा संगणक पुसत बसला होता. मी तेव्हाच म्हटले होते, जी गोष्ट आपण मागितली नाही ती घ्यायची नाही. बापू, तुमच्या टॅबवर काय काय आहे ते एकदा बघून घ्या.

अण्णा:
वेबसाइट जुनी आहे असा एकूण सूर दिसतो, म्हणून लिहितो.
ती मी केली तेव्हा कुणाकडे रिअल प्लेअर, कुणाकडे क्विकटाइम, कुणाकडे विंडोज मीडिया. एकाला दिसले की दुसऱ्याचा फोन यायचा, आमच्याकडे काळेच आहे. सगळीकडे हमखास दिसेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे फ्लॅश. म्हणून कॅसेटवरून फाइल करून, 320 गुणिले 240 इतकी लहान करून, दोन भागांत चढवली. रात्रभर अपलोड चालायचा आणि पहाटे तुटायचा. आज सल्ले देणारे त्या वेळी कुठे होते ते विचारत नाही.
पासवर्ड कुणालाही मिळणार नाही. मागे दिला होता तेव्हा मुखपृष्ठाचे काय झाले ते सर्वांना आठवत असेल.

सचिव:
अण्णा, मुखपृष्ठाचा विषय कार्यकारिणीत संपला आहे. कृपया इथे नको.

छोटू:
अण्णा, तुमच्या कामाबद्दल कुणी काही म्हणत नाही. आणि पासवर्ड नकोच आहे.
मेलेय ते प्लगइन. फाइल तिथेच असणार. संगणकावर ते पान उघडून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, पाहिला. प्लेअरच्या ओळीत पुढेच फाइलचे नाव लिहिलेले आहे, शेवटी एफएलव्ही, म्हणजे फ्लॅशची व्हिडिओ फाइल. फ्लॅश हा फक्त पडदा होता, चित्र त्या फाइलमध्ये आहे, आणि ती फाइल व्हीएलसी नावाचा व्हिडिओ प्लेअर वाचू शकतो. व्हीएलसी अँड्रॉइडवर आहे, आयपॅडवरही आहे, फुकट आहे. माई, तुम्ही त्याच्या अधिकृत दुकानातूनच घ्या. मग त्यात 'नेटवर्क स्ट्रीम' म्हणून जागा आहे, तिथे मी वेगळ्या मेलने पाठवलेला पत्ता जसाच्या तसा चिकटवा. हाताने टाइप करू नका.

माई:
दिसले! अगदी पोस्टाच्या तिकिटाएवढे, पण आवाज छान आहे. पडदा उघडतो, वहिनी ट्रे घेऊन येतात, वाक्य विसरतात, ते सगळे आहे.
पण भाग 2 येत नाही. 'सापडले नाही' म्हणतो.

वहिनी:
वाक्य मी विसरले नव्हते. समोरच्याने आधीचे वाक्य गाळले होते. हे मी तेव्हाही सांगितले होते.

अण्णा:
भाग 2 सर्व्हरवर आहे. मी आत्ता पाहिला. पत्ता चुकीचा पाठवला असेल.

छोटू:
अण्णा, पत्ता तुमच्या पानावरूनच घेतला आहे. पानावर फाइलच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल आहे. सर्व्हरवर कसे आहे?

अण्णा:
लहान आहे.

छोटू:
मग तेच. आधीचे होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायचा सर्व्हर, विंडोजचे होते ना? तिथे लहान-मोठ्याचा भेद नसतो. नंतर आपण लिनक्सवर गेलो, तिथे ती दोन वेगळी नावे झाली.

अण्णा:
होस्टिंग 2013 मध्ये बदलले.

सचिव:
म्हणजे 2013 पासून भाग 2 कुणालाच दिसलेला नाही? आणि एकाचीही तक्रार नाही?

वहिनी:
माझा प्रवेश भाग 1 मध्येच होता, त्यामुळे मला कळायचे कारण नाही.

अण्णा:
नाव दुरुस्त केले आहे. माई, आता पाहा. आणि माझ्याकडे पासवर्ड आहे म्हणूनच हे लगेच झाले, एवढेच नोंदवतो.

माई:
आले! अण्णा, धन्यवाद. पण शनिवारी तिथे इंटरनेट कसे असेल कोण जाणे. टॅबमध्येच ठेवता येईल का?

छोटू:
येईल. मी दोन्ही भाग उतरवून, एमपीफोर करून, जोडून पाठवतो. एफएफएमपेग नावाचे साधन आहे, त्याने होते. 2007 च्या फाइलमध्ये चित्र व्हीपीसिक्स पद्धतीने बांधलेले आहे, त्यामुळे ते पूर्ण सोडून नव्याने बांधावे लागेल, थोडा वेळ जाईल. 2010 चा कार्यक्रम तपासला, तो आतून एमपीफोरला चालणाऱ्या एच डॉट 264 पद्धतीचाच आहे. त्याचा नुसता डबा, म्हणजे बाहेरचा फाइलप्रकार, बदलायचा, चित्राला हात लावायचा नाही, काही सेकंदांचे काम.
पण मोठे करून मागू नका. 320 ची फाइल ताणली तरी वहिनींचा चेहरा स्पष्ट होणार नाही.

सचिव:
हे होतच आहे तर सगळे जुने कार्यक्रम एकदाच बदलून घेऊ आणि यूट्यूबवर टाकू.

अण्णा:
यूट्यूबला माझा विरोध आहे. एकांकिकेच्या लेखकाची परवानगी प्रयोगापुरती होती. एमपीफोर आपल्याच वेबसाइटवर ठेवा, आजचे सगळे ब्राउझर ती प्लगइनशिवाय दाखवतात. पानावरची ओळ मी बदलतो.

छोटू:
अण्णांचे बरोबर आहे. आणखी दोन गोष्टी, पुन्हा धागा नको म्हणून इथेच लिहितो.
फोटोंचा तो गाण्यावर फिरणारा अल्बम व्हिडिओ नाही, एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम आहे. तो व्हीएलसीत चालणार नाही. त्यासाठी रफल म्हणून फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम आहे. अण्णांनी त्याच्या फाइली सर्व्हरवर ठेवून पानात एक ओळ घातली की बघणाऱ्याला काहीच टाकावे लागत नाही, टॅबवरसुद्धा. इंटरनेट आर्काइव्हने जुने फ्लॅश याच रफलवर पुन्हा चालू केले आहे.
परिसंवादाचे मात्र अवघड आहे. तो सिल्व्हरलाइट या फ्लॅशसारख्याच मायक्रोसॉफ्टच्या प्लगइनवर थेट दाखवला होता, आपल्या सर्व्हरवर फाइल आलीच नाही. सिल्व्हरलाइटही ऑक्टोबर 2021 मध्ये बंद झाले, पण ते असते तरी फरक पडला नसता, दाखवायलाच काही नाही. कुणी घरी रेकॉर्ड केला असेल तर सांगा.

माई:
परिसंवाद नसला तरी चालेल. नाना त्यात झोपले होते.

सचिव:
माई, हे सगळ्यांना जाते. नानांनाही.

बापू:
मी सगळे वाचले. तरी पुन्हा सांगतो, 'डेस्कटॉप साइट'वर टिक केले की माझ्याकडे व्हिडिओ व्यवस्थित चालतो. आत्ता चालू आहे.

छोटू:
बापू, कुठला व्हिडिओ बघताय?

बापू:
यूट्यूब.