बॅगपाइप आणि बाकीचा बँड स्टेजवर सुरात कसा आणायचा?

प्रश्न:
केल्टिक पंक (आयरिश-स्कॉटिश लोकसंगीत आणि पंक रॉक) बँड. गिटार, बास, ड्रम्स, ॲकॉर्डियन, टिन व्हिसल (धातूची छोटी बासरी) आणि चार गाण्यांपुरता बॅगपाइप. टूरवर दोन अडचणी पाठ सोडत नाहीत. गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी क्लिप) लावूनही पाइप सुरू झाला की सगळं बेसूर होतं. आणि व्हिसल जरा वाढवली की मॉनिटर (स्टेजवरचा, वादकांकडे वळवलेला स्पीकर) किंचाळतो. फेस्टिव्हलला मांडामांडीसाठी जेमतेम २० मिनिटं मिळतात.

उत्तर १:
कॅपोने गिटारचा ए चढून बी-फ्लॅट होतो, म्हणजे ४६६ हर्ट्झ. पाइप-बँडचे आजचे चँटर (बॅगपाइपची बोटांनी वाजवायची, भोकांची नळी) त्याच जागी ४७५ ते ४८० ला बोलतात. हा जवळजवळ पाव सुराचा फरक कॅपोने भरून निघणार नाही, आणि ॲकॉर्डियन तर ऐनवेळी जुळवताच येत नाही. तेव्हा चँटरच बदला. ४६६ चा बी-फ्लॅट चँटर आणि त्याला बसणारा रीड (आवाज काढणारी कंप पावणारी पाती) घ्या, ड्रोन (एकच सूर सतत धरणाऱ्या नळ्या) थोडे बाहेर ओढून जुळवा. गिटारचा कॅपो तसाच राहू द्या, व्हिसल डीऐवजी ई-फ्लॅटची घ्या. ४४० चे, म्हणजे साध्या ए चे चँटरही मिळतात, मग कॅपोच नको. पण त्यांची भोकं लांब लांब असतात, वेगवान जिगमध्ये (नाचाच्या चालीत) बोटं अडतात.

उत्तर २:
चँटर बदलला तरी उष्णता आहेच. दिव्यांखाली पाइप चढतो आणि गिटारच्या तारा सैल पडून उतरतात, म्हणजे फरक दोन्हीकडून वाढतो. स्टेजवर यायच्या आधी पाइप १०-१५ मिनिटं वाजवून तापवा आणि पाइपची गाणी लागोपाठ ठेवा. मध्ये अर्धा तास गेला तर तो गार होतो. सुरुवातीला ड्रमरने स्नेअरचा रोल धरावा, त्याखाली पिशवी भरून ड्रोन लागतात. एखादा टेनर ड्रोन बिघडलाच तर त्याला बूच मारा, उरलेला टेनर आणि बास ड्रोन पुरे होतात.

उत्तर ३:
व्हिसलचा माइक खालच्या टोकाशी धरू नका. तोंडाजवळच्या खिडकीपासून (जिथे आवाज तयार होतो ती फट) चार बोटं, किंचित बाजूला धरा, म्हणजे फुंकर जाळीवर येत नाही. डायनॅमिक माइकच हवा. ई-फ्लॅट व्हिसलचा सर्वांत खालचा स्वर ६२२ हर्ट्झ आहे, त्यामुळे हाय-पास (खालचे आवाज गाळणारा फिल्टर) बिनधास्त ४०० वर न्या, ड्रम्सचा माइकमध्ये शिरणारा आवाज कमी होतो. जो स्वर किंचाळतोय तेवढाच मॉनिटरच्या ग्राफिक इक्वलायझरवर कापा. पाइप मॉनिटरमध्ये मुळीच देऊ नका, तो जवळच्याला तसाही शंभर डेसिबलच्या वर ऐकू येतो. शेजारी उभ्या असलेल्यांना इअरप्लग द्या. इनपुट लिस्ट (कोणतं वाद्य, कोणता माइक याची यादी) आधी पाठवली असेल तर २० मिनिटांत लाइन-चेक (प्रत्येक माइक चालतो का ते पाहणं) आरामात होतो.

उत्तर १:
माझ्या वरच्या उत्तरात एक राहिलं, देशाची सीमा ओलांडणार असाल तर. जुन्या पाइपवर हस्तिदंताची कडी असतील तर साइटिसची (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं लागतात. पाइप ज्याचे बनतात त्या आफ्रिकन ब्लॅकवुड लाकडाच्या तयार वाद्यांना २०१९ पासून त्यातून सूट आहे.