कॅन्सरशी झुंजणाऱ्या तरुण मुलांसाठी छोटा मदतनिधी: पैसा नेमका कुठे घालावा?

खारीचा_वाटा

नमस्कार. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून १५ ते २४ वयातले कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी छोटा निधी सुरू करतोय. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाशी बोलणं झालंय, कुटुंबं तेच सुचवतील. दरमहा ठरावीक रक्कम जमेल, पण कुणाच्या ऑपरेशनचा खर्च उचलता येईल इतकी नाही. एवढ्या पैशांत खरा फरक कुठे पडतो? रोख द्यावेत की बिलं भरावीत? आणि वॉर्डात जाताना काय न्यावं, काय नेऊ नये? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

हिशोबवही

ऑपरेशनचा खर्च झेपत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या बिलासाठी विमा, सरकारी योजना, मोठे ट्रस्ट असा काही ना काही मार्ग शोधता येतो. बिलात न दिसणाऱ्या खर्चाला मात्र वाली नसतो: प्रवास, राहणं, बाहेरचं जेवण, सोबत थांबणाऱ्याचा बुडालेला पगार, घरी राहिलेल्या धाकट्या भावंडाची सोय. बरं होण्यासारख्या मुलांचेही उपचार मध्येच सुटतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बालकर्करोगासाठी उपक्रम सुरू केला, त्यात २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट ठेवलंय. श्रीमंत देशांत हे प्रमाण आजच ८० टक्क्यांच्या वर आहे. सुरू केलेला उपचार शेवटपर्यंत नेता येणं हा या दरीतला एक मोठा भाग आहे, आणि छोट्या निधीचा हात नेमका तिथे पोचतो.

आता वेळेबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात नातेवाईक, शेजारी, कॉलेज सगळे धावून येतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोन थांबतात, आणि उपचार तर चालूच असतात. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा, म्हणजे या वयातही दिसणाऱ्या एका रक्ताच्या कॅन्सरचा, पूर्ण उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. सुरुवातीचे महिने जोरदार केमो, नंतर मेंटेनन्स, म्हणजे बहुतांशी घरी गोळ्या आणि ठरावीक दिवसांनी तपासणी. मेंटेनन्समध्ये केस परत येतात, मुलगा ठणठणीत दिसतो, आणि 'आता कशाला एवढा खर्च' म्हणून हॉस्पिटलच्या फेऱ्या गळायला लागतात. म्हणून सुरुवातीला एकरकमी मोठी मदत देऊ नका. प्रत्येक ठरलेल्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी त्या फेरीचे पैसे द्या.

एका कुटुंबाचा अंदाज असा काढा: डॉक्टरांच्या वेळापत्रकातल्या एकूण फेऱ्या, गुणिले दोघांचं जाणं-येणं आणि मुक्कामाच्या रात्री. वर साधारण चौथा हिस्सा जादा धरा, कारण तापामुळे न ठरवता भरती व्हावं लागतं आणि काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) न वाढल्याने तारखा पुढे जातात. ही पूर्ण रक्कम बाजूला काढता येत असेल तरच नवीन कुटुंब घ्या. पाच जणांना शेवटपर्यंत साथ द्या, पंधरा जणांना अर्ध्यात सोडू नका. मी तरी या बाबतीत कठोर आहे.

मुक्कामाची भाडी, औषध दुकान, बाहेरच्या लॅबच्या तपासण्या हे थेट भरा. प्रवास आणि जेवणाचे पैसे सोबत राहणाऱ्या माणसाच्या खात्यात टाका. रुग्ण सज्ञान असेल तर त्याच्याच खात्यात, त्याला विचारून. जिथे पावतीच मिळत नाही तिथे पावती मागू नका, नाहीतर खोट्या पावत्या गोळा करायला तुम्हीच भाग पाडता. फेरी झाली की नाही हे समाजसेवा विभागाकडून कळतं, तेवढं पुरे. अर्ज एका पानाचा ठेवा, निर्णय दोघांनी मिळून ४८ तासांत द्यावा. महिन्यातून एकदा बैठक घेऊन मंजुरी देणारे ट्रस्ट इथेच कमी पडतात: मंजुरी येईपर्यंत फेरी चुकलेली असते.

राहण्याची सोय हॉस्पिटलजवळ असणं किती गरजेचं आहे हे सांगायला नको. अमेरिकेत फिलाडेल्फियात १९७४ साली पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस, म्हणजे आजारी मुलांच्या घरच्यांसाठी हॉस्पिटलजवळचं राहण्याचं घर, उभं राहिलं ते याच गरजेतून. तुम्हाला इमारत नको. हॉस्पिटलपासून पायी अंतरावरच्या एकदोन खोल्या वर्षभरासाठी भाड्याने घेऊन पाळीपाळीने दिल्या तरी पुष्कळ काम होतं.

नाइट_ड्यूटी

हिशोबवहींनी तापाचा उल्लेख केलाय, त्यावर थोडं विस्ताराने, कारण इथे जीव वाचतो किंवा जातो.

बऱ्याच केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. तेव्हा जंतुसंसर्ग झाला तर पू धरत नाही, सूज फारशी येत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशीच नसतात. ताप हे एकच लक्षण असू शकतं, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. हॉस्पिटलने तापाचा जो आकडा लिहून दिला असेल तो पाळायचा, बहुतेक ठिकाणी तो ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट असतो. त्यावर गेला की रात्री दोन वाजतासुद्धा निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन 'बघू सकाळी' म्हणायचं नाही. ताप उतरतो, संसर्ग वाढत राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरली, किंवा एकदम गळून गेल्यासारखं झालं, तर ताप नसला तरी निघायचं. पोचल्यावर पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. कुटुंबं उशीर करतात ती बेफिकिरीने नाही. खिशात पैसे नसतात आणि रात्री वाहन मिळत नाही. तेव्हा प्रत्येक कुटुंबाकडे रात्रीच्या वाहनाचे पैसे आगाऊ ठेवा, कुणाला न विचारता वापरायचे. वापरले की लगेच पुन्हा भरा.

एक पिशवी तयार करून द्या. डिजिटल थर्मामीटर (काखेत किंवा तोंडात लावायचा, गुदद्वारात कधीही नाही), जादा सेल, अगदी मऊ ब्रश, हातांचं सॅनिटायझर, कापडी टोपी, लांब वायरचा चार्जर, आणि प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल. फाइलच्या पहिल्या पानावर निदान, शेवटच्या केमोची तारीख, ॲलर्जी, पोर्ट किंवा सेंट्रल लाइन (औषध देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आहे का, आणि वॉर्डचा रात्रीचा नंबर. अनोळखी कॅज्युअल्टीत हे पान दाखवलं की पाच मिनिटांत गाडी मार्गी लागते. एरवी ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते आणि तापाचा रुग्ण रांगेत बसून राहतो.

वॉर्डात न्यायचं नाही ते: फुलं, कुंड्या, वापरलेली मऊ खेळणी, रबरी फुगे, अत्तर (केमोत वासाने उमळतं), उघडं अन्न. काढे, चूर्णं, 'प्रतिकारशक्तीच्या' गोळ्या तर मुळीच नाहीत. त्यातल्या काहींचा केमोच्या औषधांशी उलटा परिणाम होतो आणि दोष केमोला जातो. सर्दी, खोकला, जुलाब असलेल्या स्वयंसेवकाने जायचं नाही. कांजिण्यांचं विशेष: पुरळ उठण्याच्या दोन दिवस आधीपासून त्या पसरतात. भेटून आल्यावर कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी वॉर्डला कळवा. संरक्षक औषध लवकर दिलं तरच नीट काम करतं, तेव्हा संकोच करू नका.

मधलं_वय

वरचं सगळं पटलं. तुम्ही निवडलेल्या वयाबद्दल थोडं बोलते. या मुलांना बालवॉर्डात भिंतीवर कार्टून आणि मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी सत्तरीचे आजोबा, दोन्हीकडे परकं वाटतं. ब्रिटनमध्ये टीनएज कॅन्सर ट्रस्टने १९९० साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये खास या वयासाठी पहिला विभाग सुरू केला तो म्हणूनच. विभाग उभारणं तुमच्या हातात नाही, पण एक कोपरा, चांगलं इंटरनेट, हेडफोन आणि त्यांच्याच वयाची सोबत देता येते.

बोलायचं ते रुग्णाशी. आईवडील उत्तरं देत असतील तर नम्रपणे, 'काका, थोडं हिच्याकडून ऐकते' म्हणा, आणि रोज दहा मिनिटं एकटं बोलायला मिळेल असं बघा. गोळ्या चुकतात हे मुलं आईसमोर सांगत नाहीत. या वयात चुकतात, भरपूर चुकतात, आणि ओरडून उपयोग नसतो. मोबाइलवर गजर आणि आठवड्याचा खणांचा डबा जास्त उपयोगी पडतो.

आणि एक खर्च निधीत आजच वेगळा काढा: अपत्यप्राप्तीची क्षमता जपण्याचा. काही केमो आणि रेडिएशनमुळे ती जाऊ शकते. मुलग्यांचं वीर्य गोठवून ठेवणं एकदोन दिवसांत होतं. मुलींची बीजांडं काढायला साधारण दोन आठवडे लागतात आणि आजार तेवढं थांबू देईल का हे डॉक्टरच ठरवतात. दोन्ही पहिल्या केमोच्या आधी व्हायला हवं. घरचे हादरलेले असतात, विषय काढायला लाजतात, त्यात पैसेही लागतात. समाजसेवा विभागाला सांगून ठेवा की या कामासाठी आमची मंजुरी त्याच दिवशी मिळेल. पुढे दरवर्षीची साठवणफी असते, तीही हिशोबात धरा.

खारीचा_वाटा

खूप आभार, सगळ्यांचे! नाइट_ड्यूटीताई, पिशवीची यादी तशीच उचलतोय. अजून एक विचारायचंय. देणगीदार फोटो मागतात, आणि एका मुलीसाठी ऑनलाइन आवाहन करावं असं काहींचं म्हणणं आहे. करावं का?

हिशोबवही

मदतीला फोटोची अट कधीच नको. मुलगी पुढे नोकरीला, लग्नाला उभी राहील तेव्हा टक्कल पडलेला फोटो नेटवर तसाच असणार. अल्पवयीन असेल तर आईवडिलांची लेखी संमती आणि तिचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. देणगीदारांना आकडे द्या: किती फेऱ्या, किती मुक्काम, रात्रीचं वाहन किती वेळा लागलं. समजूतदार माणसाला तेवढ्याने समाधान होतं.

आवाहन करायचंच तर तीन गोष्टी आधी लिहून काढा आणि आवाहनातच छापा: पैसे कुणाच्या खात्यात जाणार, गरजेपेक्षा जास्त जमले तर काय, आणि मूल दगावलं तर उरलेल्या पैशांचं काय. तिसरा प्रश्न विचारायला जीव धजत नाही, म्हणून सगळे टाळतात, आणि दुःखाच्या दिवसांत त्यावरून भांडणं होतात.

मधलं_वय

त्यालाच जोडून. वाढदिवसाच्या भेटी, शुभेच्छांचे मेसेज आपोआप जातील अशी व्यवस्था ठेवू नका. पाठवायच्या दिवशी सकाळी वॉर्डला विचारून घ्या, मगच पाठवा. आणि मूल गेल्यावर कुटुंबाचं नाव यादीतून लगेच काढू नका. घरी परतायचा प्रवास, हॉस्पिटलची उरलेली बाकी, भावंडाची बुडालेली फी हे खर्च तेव्हाच समोर येतात, आणि तोवर बाकीच्या संस्थांनी फाइल बंद केलेली असते. निदान पुढच्या तीन महिन्यांची रक्कम त्यांच्या नावावर राखून ठेवा.