गर्भाशयमुखाचा कॅन्सर ३बी: केमो-रेडिएशन बार्शीला की मुंबईला?

येडशीकर: आईला (वय ५७) गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, स्टेज ३बी. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नाही. २५ रेडिएशन, दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो, मग आतून रेडिएशन. बार्शीला करावं की टाटाला न्यावं? हाताशी दीड लाख, पिवळं रेशनकार्ड आहे. केमो झेपेल का, हीच धास्ती.

सदाशिव_पेठ: माझ्या मावशीचं पुण्यात खाजगीत केलं. एकदम नवं मशीन, रांग नाही, एसी खोली. साडेचार लाख लागले. पैशाकडे बघू नका.

मीनल_नागपूर: आधी पिशवी काढून टाका ना! सासूबाईंची काढली, आज नातवंडं सांभाळतात.

रेडिएशनवाला: ताई, त्यांची स्टेज सुरुवातीची असणार. ३बी म्हणजे गाठ कटीच्या भिंतीला टेकलेली किंवा किडनीची नळी दबलेली. ती ऑपरेशनने पुरती निघत नाही. टाटानेच ३बीच्या ८५० बायकांवर तुलना केली, २०१८ला छापून आली. नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी ४६ टक्के हयात, जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यावर ५४. तेव्हा केमो टाळू नका. मात्र ते किडनीला जड, क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघा.

सदाशिव_पेठ: मशीन नवं असलं की फरक पडतोच.

परळची_वारी: टाटाच! दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय होते. आम्ही तिथेच राहिलो.

काढेप्रेमी: सोबत गुळवेल सुरू करा. आमच्याकडे सगळ्यांना गुण आला.

रेडिएशनवाला: उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. मशीनपेक्षा महत्त्वाचं म्हणजे बाहेरचं आणि आतलं रेडिएशन मिळून आठ आठवड्यांत संपलं पाहिजे. खंड पडला की गाठ सावरते. ब्रेकीथेरपी, म्हणजे आतलं रेडिएशन, तिथेच होते का, तारीख कधीची, हे आजच विचारा. फुले योजनेचंही बघा, पदरचे पैसे वाचतील.

परभणीची_लेक: हेच सांगायला आले होते. आईला जुलाब लागले, रेडिएशन थांबलं. ब्रेकीथेरपीला दुसऱ्या गावी पाठवलं, तिथे तारीख मिळेना. आधी कुणी सांगितलं नाही, याचा अजून संताप येतो. जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, मऊ भात आणि ताक द्या. आणि नंतर योनिमार्ग आकसतो, तो मोकळा ठेवायला डायलेटर नावाचं छोटं साधन वापरायचं असतं. आईला लाज वाटेल, तुम्हालाही बोलायला जड जाईल; घरातल्या बाईने नर्सला विचारावं.

परळची_वारी: तरी मी म्हणेन टाटा. धर्मशाळा आहे की.

येडशीकर: सगळ्यांचे आभार. बार्शीलाच करतोय. मावशी तिथे राहते, आणि आई म्हणाली, "मुंबईत मला एक डोससुद्धा नको, बहिणीकडून रोज जाईन." चौकशी करून आलो, ब्रेकीथेरपी तिथेच होते. योजनेचे कागद दिलेत. क्रिएटिनीन उद्या कळेल. डायलेटरचं मावशीला सांगितलंय.

मीनल_नागपूर: तरी एकदा सर्जनला दाखवा.