शब्दचर्चा : जीनोम 'द्विगुणित' होतो का?

प्रश्न : एका मराठी विज्ञानलेखात वाक्य आहे, 'उत्क्रांतीत वनस्पतींचा जीनोम वारंवार द्विगुणित झाला.' संपूर्ण जीनोमची, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएची, आणखी एक प्रत पेशीत राहिली, असं म्हणायचं आहे. 'आनंद द्विगुणित झाला' आपण म्हणतोच. मग इथे काय बिघडलं?

उत्तर : बराच अर्थ बिघडला. बोलण्यातलं द्विगुणित म्हणजे दुप्पट. पेशीविज्ञानात मात्र द्विगुणित म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेला, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. भात, देशी कापूस, माणूस हे सगळे द्विगुणितच. द्विगुणिताचा जीनोम दुप्पट झाला की तो चतुर्गुणित होतो. म्हणून '-गुणित' हे शब्द स्थितीसाठी ठेवावेत आणि क्रियेसाठी सरळ 'दुप्पट होणे' किंवा 'दुप्पटीकरण' लिहावं. 'द्विगुणन' सुटसुटीत दिसतं, पण त्यानं हाच गोंधळ परत येतो.

त्यालाच जोडून : '२एन म्हणजे द्विगुणित' हे पाठांतरही फसवं आहे. पुण्यात वाण्याकडे खपली आणि शरबती गहू शेजारी शेजारी असतात. खपलीच्या पेशीत २८ गुणसूत्रं, शरबतीच्या ४२. दोन्हींचा मूळ संच, म्हणजे एक्स, ७ चाच. खपली २एन = ४एक्स = २८, म्हणून चतुर्गुणित; शरबती २एन = ६एक्स = ४२, म्हणून षड्गुणित. एन म्हणजे युग्मकातली (बीजांड किंवा परागातल्या प्रजनन-पेशीतली) संख्या, शरबतीत २१. 'किती गुणित' हे एक्सवरून ठरतं, एनवरून नाही. खपलीत 'ए' आणि 'बी' हे दोन जीनोम आहेत, म्हणजे दोन वेगळ्या पूर्वजांकडून आलेले संच. शरबतीत एका रानगवताचा 'डी' जास्तीचा. कणीक ताणली जाण्यात या 'डी'वरच्या ग्लुटेनच्या जनुकांचा मोठा वाटा असतो. खपलीची कणीक लवकर तुटते याचं एक कारण हे. आघारकर संशोधन संस्थेच्या वाणांतही हा फरक दिसतो : एमएसीएस २९७१ खपली, एमएसीएस ६४७८ चपातीचा गहू.

प्रश्न : मग 'संकर' आणि 'बहुगुणित' (दोनाहून जास्त संच असलेला) एकच का?

उत्तर : नाही. एकाच जातीचे संच वाढले तर स्वबहुगुणित, दोन जातींचे एकत्र आले तर परबहुगुणित. नुसता संकर बहुधा वांझ असतो. १९२०च्या दशकात रशियन आनुवंशशास्त्रज्ञ कार्पेचेंको यांनी मुळा आणि कोबी यांचा संकर केला. त्यात ९ गुणसूत्रं मुळ्याची, ९ कोबीची. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे युग्मकं बनताना गुणसूत्रं निम्मी होतात तेव्हा, जोडी कुणाशी लावायची? बी जवळजवळ धरलंच नाही. जे थोडं धरलं, त्यातून ३६ गुणसूत्रांची झाडं आली. प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि ती फळली. गुणसूत्रं निम्मी न झालेली युग्मकं एकत्र आल्यानं हे घडलं. निसर्गातही हा नेहमीचा मार्ग आहे. म्हणून 'दुप्पटीकरणामुळे संकर टिकला' हे म्हणणं बरोबर.

एक दुरुस्ती : कोल्चिसीन या वनस्पतिजन्य द्रव्याबद्दल 'कोल्चिसीन जीनोम दुप्पट करतं' असं सर्रास लिहितात. डीएनएची प्रत पेशी नेहमीप्रमाणे स्वतःच काढते. कोल्चिसीन तर्कूचे धागे (विभाजनात गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे) बनू देत नाही, म्हणून प्रती वेगळ्या पेशींत जात नाहीत. १९३७ मध्ये ब्लेकस्ली आणि एव्हरी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी कोल्चिसीननं धोत्र्याची गुणसूत्रं दुप्पट होतात हे दाखवलं. (सह्याद्रीतल्या कळलावीतही कोल्चिसीन असतं. ते जहाल विष आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नये.) कलिंगडाच्या रोपाची बीजपत्रं उघडताच शेंड्यावर ०.२ टक्के कोल्चिसीनचा थेंब काही दिवस सकाळ-संध्याकाळ ठेवतात. पुढे तपासताना मुळाचं टोक घेतलं तर २२च गुणसूत्रं दिसतात आणि प्रयोग फसला असं वाटतं. पण औषध शेंड्याला लागलं होतं, मुळं द्विगुणितच राहिली. नव्या पानांची पर्णरंध्रं मोठी झाली का ते आधी बघावं, आणि खात्री पुढच्या पिढीच्या बियांच्या मुळांवर करावी. एकाच रोपात काही पेशी दुप्पट आणि काही तशाच राहिल्या, तर त्याला 'मिश्रगुणित' म्हणावं. 'अर्धवट द्विगुणित' नको.

प्रश्न : मूळ वाक्याचं काय करायचं?

उत्तर : दुप्पट झालेला जीनोम तसाच राहत नाही. जादा प्रतींपैकी बरीच जनुकं गळून जातात, काहींना नवं काम मिळतं, गुणसूत्रं पुन्हा दोन-दोनच्या जोड्या लावू लागतात. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाची गुणसूत्रं फक्त १०, पण २००० साली त्याचा जीनोम वाचला तेव्हा जुन्या दुप्पटीचे मोठमोठे तुकडे सापडले. अशा वनस्पतीला 'पुराबहुगुणित' म्हणावं. म्हणजे 'द्विगुणित झाला' ही क्रिया खरंच आहे, फक्त ती उलट दिशेची आहे. वाक्य असं करा : 'उत्क्रांतीत वनस्पतींचा जीनोम वारंवार दुप्पट झाला, आणि दर वेळी हळूहळू पुन्हा द्विगुणित होत गेला.'