मदत हवी आहे: कोरड्या उन्हात मिग-२१ चा धातूरंग रवाळ होतोय

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. मिग-२१ एफएल या लढाऊ विमानाचं १/४८ स्केलचं प्लास्टिक मॉडेल करतोय, कॅमोफ्लाजशिवाय, उघड्या धातूच्या रूपातलं. जोडणी, पुट्टी, घासकाम झालं, बुजलेल्या पॅनेल लाइनही (पत्र्यांच्या जोडरेषा) पुन्हा कोरल्या. अडलंय ते ॲल्युमिनियम रंगाच्या थरावर.

सध्या पारा ४४ च्या आसपास आणि हवा एकदम कोरडी. ॲक्रिलिक रंग प्लास्टिकला टेकायच्या आधीच वाळतो. पंख जिथे बॉडीला मिळतो तिथे सर्वांत वाईट: बोट फिरवलं की बारीक रवा लागतो, आणि चमक जाऊन नुसता राखाडी दिसतो. एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) सुईच्या टोकावरही रंग सुकून बसतो.

नोझल ०.३ मिमी, दाब १५ पीएसआय. थिनर वाढवून पाहिलं, एअरब्रश जवळ आणला. रिटार्डरने (रंग हळू वाळावा म्हणून मिसळायचं द्रव्य) टोक चोंदायचं थांबलं, पण थर मऊ राहतो आणि मास्किंग टेपसोबत उचलला जातो. पहाटे मारलं तर बरं येतं, तरी आरशासारखं नाही. कूलर लावला की धूळ बसते. खाली ग्लॉस काळा प्रायमर आहे, तो गुळगुळीत आहे.

घरात वडिलांना दमा आहे, म्हणून लॅकर (उग्र वासाचा, सॉल्व्हंटवाला रंग) खोलीत नकोच. गच्चीवर पहाटे मारता येईल. पुढे शेपटीजवळचे पॅनेल वेगळ्या छटेत करायचे आहेत, त्यामुळे टेप लावावीच लागणार.

खान्देश-विदर्भाच्या उन्हाळ्यात कुणी ॲक्रिलिकमध्येच टेप सोसणारा गुळगुळीत धातूरंग काढलाय का? रिटार्डरचं प्रमाण किती ठेवलंत, आणि टेप लावण्याआधी किती वाळू दिलंत? की सरळ गच्चीवर लॅकरच मारू?