स्पर्धेवरचे सिनेमे घरच्यांसोबत पाहताना: तुमचे अनुभव लिहा

सामने आणि शर्यतींवरचे सिनेमे अख्खं घर मिळून पाहतं. कोण जिंकणार याचा अंदाज असूनही शेवटी सगळे पुढे सरकून बसतात. मला उत्सुकता आहे ती निकाल लागल्यानंतरच्या गप्पांची. कोणत्या सिनेमानंतर तुमची मुलं बोलती झाली? हरलेल्याकडे कुणाचं लक्ष गेलं? सविस्तर लिहा, नुसती यादी नको.

सुरुवात मी करते. माजिद माजिदींचा इराणी सिनेमा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७). अलीच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरात पैशांची ओढाताण, म्हणून दोघं त्याचेच बूट आळीपाळीने घालून शाळेत जातात. पुढे शर्यत असते आणि तिसऱ्या नंबराला बक्षीस असतं बूट. म्हणजे पोराला पहिलं यायचंच नाहीये! तो धावताना पडतो, उठतो आणि शेवटच्या झटापटीत पहिला येतो. आनंदाने उचलून घेणाऱ्या सरांना विचारतो, "मी तिसरा आलो का?" इथे आमचा धाकटा ताडकन उठून उभा राहिला. "अगं आई, मग बूट द्या ना त्याला!" पहिल्या आलेल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी का, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी वडिलांच्या सायकलवर नवे बूट दिसतात, ते मात्र धाकट्याच्या नजरेतून सुटले होते. तेवढं दृश्य मागे नेऊन दाखवलं, तेव्हा कुठे स्वारी शांत झाली.

कवडसा यांचा प्रतिसाद

आमच्याकडे 'लगान' (२००१). पावणेचार तासांचा सिनेमा मुलांना एका बैठकीत झेपत नाही, म्हणून सामना सुरू होण्याआधी थांबलो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला. शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्यात, खेळायला समोर कचरा नावाचा गावकरी, त्याला जेमतेम एकच धाव मिळते. संपलं सगळं, असं वाटतं आणि पंच नो बॉल देतात. मग भुवनचा षटकार. सगळे टाळ्या वाजवत होते आणि लेक मात्र विचारत बसली, "बाबा, अंपायर इंग्रजच आहे ना? मग त्याने आपल्याच कॅप्टनला का हरवलं?" इतक्यांदा पाहूनही माझ्या मनात हा प्रश्न कधी आला नव्हता. त्या पंचाने नुसता हात आडवा केला नसता, तर गावाला तिप्पट लगान भरावा लागला असता. त्या रात्री आमच्या घरी भुवनपेक्षा त्या पंचाचंच कौतुक जास्त झालं.

दोघांची आई

'कार्स' (२००६) लहानांसाठी उत्तमच. यातली पात्रं म्हणजे शर्यतीच्या गाड्याच. जिंकत आलेला मॅक्वीन रेषेच्या अलीकडे ब्रेक लावतो, मागे जातो आणि अपघात झालेल्या किंगला ढकलत रेषेपार नेतो. चषक चिक हिक्स घेऊन जातो. थोरल्याला हे अजिबात पटलं नाही: आधी रेषा ओलांडायची, मग मागे यायचं, दोन्ही साधलं असतं. धाकटी म्हणाली, "आणि तोवर किंगने तिथे एकट्याने पडून राहायचं का?" वाद अजून मिटलेला नाही आणि मी मध्ये पडत नाही.

खडूफळा

मी शाळेत शिकवते, मुलांना स्पर्धांना घेऊन जाते. त्यामुळे 'अकीला अँड द बी' (२००६) जवळचा. स्पेलिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत अकीलाला दिसतं की तिचा प्रतिस्पर्धी डिलन याच्यावर त्याच्या वडिलांचा केवढा दबाव आहे. ती मुद्दाम स्पेलिंग चुकवते. त्याच्या ते लक्षात येतं आणि तोही मुद्दाम चुकवतो, कारण दान म्हणून मिळालेलं विजेतेपद त्याला नको असतं. दोघं संयुक्त विजेते ठरतात. वर्गात दाखवला तेव्हा मुलांना अकीला आवडलीच, पण एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, डिलनच्या बाबांना पण दाखवायला हवा." त्यानंतर पालकसभेत मी तो आवर्जून दाखवला.

आजोबा

नातवासोबत 'कूल रनिंग्ज' (१९९३) पाहिला. जमैकासारख्या उष्ण बेटावरचा संघ १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेत, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीत उतरतो. सिनेमात घसरगाडी उलटते, चौघं ती खांद्यावर घेऊन रेषेपार जातात, सगळं मैदान टाळ्या वाजवतं. नातवाने लगेच खरं चित्रण शोधून काढलं. गाडी उलटली होती हे खरं, पण चौघं तिच्या बाजूने चालत गेले होते. "आजोबा, हे खोटं दाखवलंय!" मी म्हटलं, खांद्यावर घेतली नसेल, पण सगळ्या जगासमोर उलटल्यावर उठून चालत जायला काय लागतं ते बघ. त्याने ते चित्रण परत लावलं.

मुलीचा बाबा

'दंगल' (२०१६) जरूर पाहा, पण मुलींसोबत बसून पाहा. गीता फोगटचं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण खरं आहे. अंतिम लढतीच्या वेळी वडिलांना खोलीत कोंडणं सिनेमासाठी रचलेलं. माझ्या मुलीला केस कापण्याचा प्रसंग बोचला. "तिला विचारलं का कुणी?" असं ती म्हणाली. मी बापाची बाजू मांडू लागलो, तिने ती ऐकून घेतली आणि तरी प्रश्न मागे घेतला नाही. मला तिचं म्हणणं पटतं.

ताई, आणखी एक

धागा काढल्याबद्दल आभार. माझ्याकडून मीरा नायर यांचा 'क्वीन ऑफ काट्वे' (२०१६). युगांडातल्या कंपाला शहराच्या गरीब वस्तीत वाढलेली फिओना मुटेसी बुद्धिबळपटू होते. त्यात एक छोटी मुलगी तिला समजावते की प्याद्याचाही वजीर होऊ शकतो. माझ्या भाचीने तेवढ्यावर पट मागितला. सिनेमा संपला म्हणून उठू नका. शेवटी प्रत्येक कलाकाराशेजारी ती ती खरी व्यक्ती येऊन उभी राहते. खरी फिओना दिसल्यावर भाचीने विचारलं, "ही अजून खेळते का?" सध्या भाची रोज मला हरवायला बसते. बुद्धिबळावरचा मुलांना चालेल असा आणखी एखादा सिनेमा कुणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा, तिची आवड वाढवायची आहे.