नदी-तलावाचं पाणी उतरण्याजोगं आहे का, हे कसं ताडायचं? (कोलाड आणि पवना, सप्टेंबरअखेर)

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ-वहिनी जर्मनीहून येतायत. सहा मोठी माणसं आणि दोन मुलं, वय ११ आणि १५. पहिल्या दिवशी कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग, दुसऱ्या दिवशी पवना धरणाच्या जलाशयात कयाक आणि जमलं तर काठाला पोहणं, असा बेत आहे. राहायची सोय झालीय, त्यामुळे रिसॉर्टची नावं नकोत. फोन केला की जो तो "पाणी एकदम सेफ आहे, या बिनधास्त" एवढंच सांगतो. काठावर उभं राहून आपलं आपल्याला पाणी कसं ओळखायचं? कुठले आकडे बघायचे? पोहायला सगळ्यांना येतं, पण टँकमधलं.

सह्यभटक्या
ताई, "पाणी कसं आहे" याच्या आधी "पाणी येतंय कुठून" हे विचारा. तुमचे दोन दिवस दोन अगदी वेगळ्या पाण्यांचे आहेत.

कुंडलिकेतलं राफ्टिंग चालतं ते वीजकेंद्राच्या पाण्यावर. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला टाटांच्या वीजकेंद्रात उतरतं आणि वीज काढून झाली की कुंडलिकेत सोडतात. म्हणून तर भर मे महिन्यातही तिथे राफ्ट चालतात. सकाळी पाणी सुटतं आणि त्याच लोटावर सगळ्या राफ्ट निघतात. म्हणजे डोक्यावर लख्ख ऊन, कुठे ढग नाही, आणि तरी आत्ता गुडघाभर वाटणारं पात्र थोड्या वेळात भरून वाहायला लागतं. राफ्टमध्ये गाईडबरोबर असाल तर हे सगळं ठरलेलंच असतं. धोका असतो तो सकाळी लवकर पोचून "जरा पाय बुडवूया" म्हणत मधल्या खडकांवर जाऊन बसणाऱ्यांना.

काठावर मी हे बघतो. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायची नाहीतर दगडावर खूण करायची आणि पंधरा मिनिटांनी परत बघायची. खूण बुडली तर पाणी चढतंय, चर्चा संपली. मग रंग. निवळ पाणी बघता बघता गढूळ झालं, फेस आला, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, तर वर कुठेतरी जोराचा पाऊस झालाय आणि त्याचं पाणी वाटेत आहे. आवाज बदलला, खळखळ जाऊन घुमल्यासारखं ऐकू यायला लागलं, की थांबून बघायचंही नाही, सामान तिथेच सोडून वर चढायचं.

वेग मोजणं सोपं आहे. दहा मीटर अंतर धरा, वरून पान टाका आणि सेकंद मोजा. दहा सेकंद लागले तर सेकंदाला एक मीटर. पाच लागले तर वेग दुप्पट, पण पाण्याचा रेटा चौपट. अशा धारेत गुडघाभर पाणीही मोठ्या माणसाचे पाय काढून घेतं, ११ वर्षांच्या मुलाचं तर विचारूच नका.

आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली किंवा सांडव्याखाली कधीच उतरू नका. वरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. पट्टीचा पोहणाराही तिथून सुटत नाही. वरून दिसताना मात्र ती जागा अगदी शांत दिसते.

मुठाकाठी
आकड्यांबद्दल. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लीटर. नुसत्या आकड्यानं फार कळत नाही, तो वाढतोय की उतरतोय आणि किती वाजताचा आहे ते बघायचं. केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' ॲप आहे, त्यात मोठ्या नद्यांची पातळी दिसते. छोट्या ओढ्यांना त्याचा उपयोग नाही.

हवामान खात्याचा अंदाज बघताना जिल्ह्याचा एकच रंग बघून थांबू नका. पुण्याचा घाटमाथा वेगळा दिलेला असतो, आणि पवनेत पाणी येतं ते तिथलंच. शहराला यलो आणि घाटाला ऑरेंज असं नेहमी होतं.

गोदाकाठ
आमच्याकडे नाशकात गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या पायाशी की कमरेला, यावरून अख्खं गाव पूर मोजतं. प्रत्येक नदीकाठी अशी एखादी खूण असतेच, देऊळ, पायरी, पुलाचा खांब. तिथल्या माणसांना ती विचारा आणि पाणी आज त्या खुणेपासून किती लांब आहे ते बघा.

ठाणेकरीण
खूप उपयोगी. पवन्याचं काय? तिथे तर वाहतं पाणीच नाही, मग मुलांना काठाला सोडायला हरकत नसावी ना?

सह्यभटक्या
हरकत आहे. सप्टेंबरअखेर जलाशय भरलेला असतो. तळाशी जुनी शेतं, बांध, झाडांची खोडं आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, म्हणजे आत काय काय असेल बघा. कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता एका पावलावर बांध संपतो आणि खाली डोक्यावरून पाणी. शिवाय चिखलात पाय रुततो. टँकमध्ये पोहणाऱ्यांना या दोन्हींची सवय नसते. पोहण्याचा बेत सोडाच. कयाक करा, पण लाइफ जॅकेट छातीशी घट्ट बांधून. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीवर सरकलं तर माप मोठं आहे, मुलांसाठी लहान मापाचं मागून घ्या. नसेल तर कयाकही नको.

वारा सकाळी बघा. ताशी २० किलोमीटरच्या आसपास गेला की लाटांचे माथे पांढरे फुटायला लागतात, तेव्हा नवख्यांनी पाण्यात नसावं. काठावरून आत वाहणारा वारा जास्त फसवा. काठाशी पाणी संथ असतं, मधे गेल्यावर कयाक लांब ढकलली जाते. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी राहतो.

कोलाडवाला
ताई, ११ वर्षांच्या मुलाला राफ्टमध्ये घेतील का ते आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी १४ वर्षांची अट असते आणि ती बरोबर आहे. कुणी "चालतंय की" म्हटलं तर उलट त्याच्याकडे जाऊच नका. आणि आदल्या रात्री घाटात धो धो झाला असेल तर इथले चांगले लोक स्वतःच राफ्टिंग बंद ठेवतात. त्या दिवशी पैशासाठी वाद घालू नका.

दवाखाना
मी डॉक्टर आहे. पायाला जखम, भेग असेल तर गढूळ पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसची (उंदरा-गुरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाची) भीती असते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर आपण पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. भाऊ परत जर्मनीत असला तर तिथल्या डॉक्टरांना तर नक्कीच, त्यांच्या डोक्यात हे पटकन येणार नाही. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी शेवाळाची साय दिसली तर त्या कडेला हातही घालू नका.

मावळकर
एक राहिलं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. उताराचं पाणलोट लहान असलं की पाणी काही मिनिटांत चढतं, काटकी रोवून बघायलाही वेळ मिळत नाही. पवन्याला येताना वाटेत रस्त्याकडेचे धबधबे दिसतील, पाहुणे गाडी थांबवायला सांगतील. फोटो रस्त्यावरूनच काढा.

ठाणेकरीण
पोहणं रद्द. धाकट्याला राफ्टिंगऐवजी आईबरोबर काठावर ठेवते. कयाक सकाळी की संध्याकाळी?

मुठाकाठी
सकाळीच, आणि अकराच्या आत बाहेर या. तेव्हा हस्त लागलेला असेल. हत्तीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. फोनवर विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप टाकून ठेवा. गडगडाट ऐकू आला की लगेच काठाला या आणि पक्क्या घरात किंवा गाडीत बसा. तंबूत किंवा झाडाखाली नाही.